गिटारची तारलांबी

गिटारची तारलांबी : गिटारच्या दांडीच्या शेंड्याजवळील खाचांची आडपट्टी (मेरू) आणि तबलीवरील घोडी या दोहोंच्या दरम्यान ताणलेल्या मोकळ्या तारेची कंप पावणारी लांबी. वादक व कारागीर यांच्या बोलण्यात तिलाच ‘स्केल’ असे म्हणतात. गिटार कुळातील वाद्यांत ही लांबी सु. ३५ सेंमी.च्या युकुलेलेपासून सु. ८६ सेंमी.च्या बास गिटारपर्यंत आढळते. मैफलीत वाजविल्या जाणाऱ्या अभिजात गिटारची तारलांबी सामान्यतः ६५ सेंमी. असते, तर विद्युत् गिटारच्या दोन सर्वपरिचित प्रकारांत ती अनुक्रमे ६२·९ व ६४·८ सेंमी. इतकी असते. दीड-दोन सेंमी.चा हा फरक डोळ्यांना क्वचितच जाणवतो. बोटांना मात्र तो तत्काळ कळतो. तारेचा ताठरपणा, दोन पडद्यांमधील अंतर, तार बाजूस ओढण्यासाठी लागणारा जोर आणि स्वराचा पोत या सर्वांवर तारलांबीचा परिणाम होतो. ही लांबी निसर्गनियमाने कायमची ठरलेली नाही, तसेच ती कोणा एका कारागिराच्या लहरीनेही ठरलेली नाही. तारेचा पदार्थ, आवाजाची गरज आणि वादकाचा हात या तिघांमध्ये वेळोवेळी झालेल्या तडजोडींतून ती बदलत आली आहे.

मापन : तारलांबी मोजताना मेरूपासून बाराव्या पडद्यापर्यंतचे अंतर घेऊन त्याची दुप्पट करतात. बाराव्या पडद्यावर मूळ स्वराच्या वरच्या सप्तकातील स्वर मिळतो, म्हणजेच तेथे तार निम्मी होते. मेरूपासून घोडीपर्यंत थेट मोजल्यास मात्र अंतर किंचित जास्त भरते. पडद्यावर तार दाबताना ती थोडी ताणली जाऊन स्वर चढतो. हा चढ भरून काढण्यासाठी घोडीवरील टेकण मुद्दाम एकदोन मिमी. अथवा त्याहून अधिक मागे बसविलेले असते. जाड तारांच्या बाबतीत ही भरपाई अधिक करावी लागते.

तारेचे नियम : ताणलेल्या तारेच्या कंपनाचे नियम फ्रेंच विद्वान मारँ मेर्सेन (१५८८–१६४८) याने १६३६ मध्ये आपल्या आर्मोनी युनिव्हर्सेल या ग्रंथात मांडले. त्यांनुसार तारेची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) लांबीच्या व्यस्त प्रमाणात, ताणाच्या वर्गमूळाच्या सम प्रमाणात आणि एकक लांबीच्या वस्तुमानाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असते. यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली गोष्ट अशी की, तीच तार त्याच स्वरात लावावयाची असेल, तर लागणारा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लांबी तीन टक्क्यांनी वाढली, तर ताण सु. सहा टक्क्यांनी वाढतो. उदा., एक-शतांश इंच (०·२५ मिमी.) व्यासाची पोलादी तार ६४·८ सेंमी. लांबीवर पहिल्या तारेच्या स्वरात (कंप्रता सु. ३३०) लावली, तर तिच्यावर सु. ७·४ किग्रॅ. भाराइतका ताण येतो, ६२·९ सेंमी. लांबीवर तो सु. ७ किग्रॅ. भरतो. सहाही तारांवर असाच फरक पडत असल्याने डाव्या हाताला वाद्य ‘कडक’ किंवा ‘मऊ’ वाटते.

दुसरी गोष्ट पडद्यांमधील अंतराची. बारा समान अर्धस्वरांच्या पद्धतीत मेरूपासून पहिल्या पडद्यापर्यंतचे अंतर तारलांबीला १७·८१७ ने भागून मिळते. ६५ सेंमी. लांबीच्या वाद्यावर ते ३६·५ मिमी. असते, तर ८६·४ सेंमी.च्या बास गिटारवर ४८·५ मिमी. असते. मेरूपासून चौथ्या पडद्यापर्यंतचा पल्ला ६५ सेंमी.च्या वाद्यावर १३·४ सेंमी. होतो. चार बोटे एकाच वेळी चार पडद्यांवर पसरताना हाताला जो ताण सोसावा लागतो, त्याचे मूळ या आकड्यात आहे.

तिसरी गोष्ट तार तुटण्याची असून इतिहासाच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची ठरली. विशिष्ट लांबीची तार कोणत्या स्वराला तुटेल, हे तिच्या जाडीवर अवलंबून नसते. जाड तार अधिक ताण सोसते हे खरे; परंतु तिचे वस्तुमानही त्याच प्रमाणात वाढत असल्याने तोच स्वर गाठण्यास ताणही तितकाच अधिक लागतो. म्हणून प्रत्येक पदार्थाच्या तारेला लांबी व कंप्रता यांच्या गुणाकाराची एक मर्यादा असते. जनावराच्या आतड्यापासून केलेल्या तातीची ही मर्यादा, लांबी मीटरमध्ये धरल्यास, साधारणपणे २५० च्या आसपास आहे. याचा अर्थ असा की, ६५ सेंमी. लांबीची तात सु. ३८५ कंप्रतेला, तर ७४ सेंमी. लांबीची तात सु. ३४० कंप्रतेलाच तुटते. यामुळे लांबीची कमाल मर्यादा सर्वांत उंच स्वराच्या तारेने ठरते. उलट किमान मर्यादा सर्वांत खालच्या स्वराच्या तारेने ठरते. लांबी फार कमी असेल, तर ती तार अतिशय जाड करावी लागते किंवा सैल सोडावी लागते. जाड आखूड तार लवचिक दोरीपेक्षा कांबीसारखी वागू लागते. तिचे उपस्वर मूळ स्वराच्या अचूक पटीत राहत नाहीत आणि आवाज बोथट होतो. या दोन मर्यादांच्या मधल्या पट्ट्यात कोठे थांबावयाचे, हा प्रत्येक पिढीतील कारागिरापुढील प्रश्न होता.

आरंभीचा काळ : सोळाव्या शतकातील गिटार लहान असून तिला तारांच्या चार जोड्या असत. तिच्या मोठ्या भावंडाला, म्हणजे स्पेनमधील विहुएला या वाद्याला, सहा जोड्या असत. स्पॅनिश संगीतशास्त्रज्ञ ह्‌वान बेर्मूदो याने १५५५ च्या आपल्या ग्रंथात या दोहोंचे नाते सांगितले आहे : विहुएलाची पहिली व सहावी जोडी वगळली की, गिटारची तारजुळणी उरते. लिस्बनचा कारागीर बेल्किओर दियाश याने १५८१ मध्ये केलेले एक लहान वाद्य लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिकच्या संग्रहालयात असून त्याची तारलांबी सु. ५५ सेंमी. आहे. आजच्या मापाने ते मोठ्या मुलांच्या गिटारएवढे भरेल.

त्याच वर्षी, म्हणजे १५८१ मध्ये, व्हिन्चेन्त्सो गॅलिली या संगीतज्ञाने (प्रसिद्ध शास्त्रज्ञ गॅलिलीओ याचे वडील) पडदे बसविण्याची एक सोपी रीत प्रसिद्ध केली. तारेच्या लांबीचा अठरावा भाग सोडून पहिला पडदा बसवावा, उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडून दुसरा, याप्रमाणे पुढे जावे, अशी ती रीत होती. ‘अठराचा नियम’ या नावाने ती कारागिरांत रूढ झाली. या रीतीने बारावा पडदा अगदी मध्यावर न येता किंचित मेरूच्या बाजूस येतो आणि गणिताने वरचे सप्तक अर्धस्वराच्या सु. एक-अष्टमांशाने उतरते. तार दाबताना स्वर थोडा चढत असल्यामुळे ही उणीव व्यवहारात बरीचशी झाकली जाई. म्हणूनच ही रीत साडेतीनशे वर्षे टिकली. त्या काळी पडदेही पक्के नसत. सतारीच्या पडद्यांप्रमाणे ते दांडीवर बांधलेले असून मागेपुढे सरकविता येत. फक्त ते धातूचे नसून तातीचे असत. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत धातूचे पक्के पडदे रुळले आणि त्यानंतर विभागणीतील चूक दुरुस्त करण्याची मुभा वादकाच्या हाती राहिली नाही.

सतराव्या शतकात पाच जोड्यांची गिटार यूरोपभर पसरली आणि तिची लांबीही वाढली. व्हायोलिनचा विख्यात कारागीर आंतोन्यो स्त्रादिव्हारी याने केलेली काही गिटार-वाद्ये उपलब्ध आहेत. त्यांपैकी १६८८ मधील वाद्य ऑक्सफर्ड येथील ॲशमोलियन संग्रहालयात असून त्याची तारलांबी सु. ७४ सेंमी. आहे. आजच्या कोणत्याही अभिजात गिटारहून ती जास्त आहे. एवढी लांबी ठेवण्याचे कारण खालच्या स्वरांत होते. नुसत्या तातीच्या जाड तारेचा आवाज मंद असल्याने तारेला शक्य तितकी लांबी देऊन ती बारीक ठेवणे श्रेयस्कर ठरे. मात्र वर सांगितलेल्या मर्यादेनुसार ७४ सेंमी.वर पहिली तात आजच्या पट्टीत लावणे धोक्याचे असल्याने अशी वाद्ये खालच्या पट्टीत लावली जात असली पाहिजेत.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तातीवर किंवा रेशमावर धातूची बारीक तार गुंडाळण्याची युक्ती प्रचारात आली आणि लांबीच्या प्रश्नाचे स्वरूपच पालटले. गुंडाळलेल्या तारेत जाडी फार न वाढविता वजन वाढते; त्यामुळे खालचे स्वर आखूड तारेवरही स्वच्छ उमटू लागले. लांब दांडीची निकड संपली. अठराव्या शतकाच्या अखेरीस जोड्यांऐवजी सहा एकेरी तारा आल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनचा लुई पानोर्मो, पॅरिसचा रने लाकोत व व्हिएन्नाचा योहान गेओर्ग श्टाउफर (१७७८–१८५३) या कारागिरांच्या वाद्यांची तारलांबी सर्वसाधारणपणे ६१ ते ६४ सेंमी.च्या दरम्यान स्थिरावली. फेर्नांदो सोर (१७७८–१८३९) व माउरो जूल्यानी (१७८१–१८२९) यांच्या रचना अशा वाद्यांसाठी आहेत. त्यांतील काही बोटफेक आजच्या ६५ सेंमी.च्या गिटारवर अवघड वाटते. याचे एक कारण रचनेत नसून वाद्याच्या मापात आहे. जूल्यानीने ‘टेर्त्स’ गिटारसाठीही कन्चेर्तो लिहिला. नेहमीच्या गिटारपेक्षा तीन अर्धस्वरांनी वर लावलेले हे वाद्य तितक्याच प्रमाणात आखूड असे. लांबी व पट्टी यांचे नाते त्या काळच्या वादकांना किती सहज परिचित होते, हे त्यावरून दिसते.

याच नात्याचे एक बोलके उदाहरण पोर्तुगालमध्ये आढळते. फादो या गायनप्रकाराची साथ करणारी बारा तारांची ‘पोर्तुगीज गिटार’ कुळाने निराळी आहे. परंतु तिच्या दोन घराण्यांतील फरक तारलांबीचाच आहे. लिस्बनच्या वाद्याची लांबी सु. ४४ सेंमी. असते, तर कोइंब्राच्या वाद्याची सु. ४७ सेंमी. असून ते एक पूर्ण स्वर खाली लावतात. पोर्तुगीज अमदानीमुळे फादो गोव्यातही रुजला आणि त्याबरोबर हे वाद्यही तेथे परिचित झाले.

तोर्रेस व ६५ सेंमी.चे माप : आजच्या अभिजात गिटारचे स्वरूप स्पेनमधील आल्मेरीया येथील आंतोन्यो दे तोर्रेस (१८१७–९२) या कारागिराने निश्चित केले. त्याने पेटी रुंद केली, तबली पातळ ठेवून तिला आतून पंख्याच्या आकाराच्या पट्ट्यांचा आधार दिला आणि मोठ्या वाद्यांसाठी ६५ सेंमी. तारलांबी वापरली. मोठ्या तबलीला हलविण्यास अधिक ताण हवा होता आणि वाढीव लांबीने तो मिळाला. ही लांबी तातीच्या मर्यादेच्या पुरेशी अलीकडे असल्याने पहिली तारही टिकत असे. फ्रान्सिस्को तार्रेगा (१८५२–१९०९) या वादकाने तोर्रेसचे वाद्य आपलेसे केले आणि त्याच्या शिष्यपरंपरेबरोबर ६५ सेंमी.चे मापही पसरले. तोर्रेसने स्वतः मात्र याहून लहान मापाची वाद्येही केली होती. त्याने एका विशिष्ट गरजेसाठी निवडलेला आकडा पुढच्या पिढ्यांनी नियम म्हणून स्वीकारला.

विसाव्या शतकात गिटार मोठ्या सभागृहांत गेली. आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) याच्या मैफलींमुळे तिला प्रतिष्ठा मिळाली. परंतु ध्वनिवर्धकाविना हजारो श्रोत्यांपर्यंत आवाज पोचविण्याची अडचणही त्याबरोबरच निर्माण झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चांगल्या तातीचा तुटवडा पडला आणि न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन याने नायलॉनच्या तारा प्रचारात आणल्या. नायलॉन तातीपेक्षा अधिक ताण सहन करते. त्यामुळे तातीने घातलेली जुनी कमाल मर्यादा सैल झाली. १९६० नंतरच्या दशकात माद्रिदच्या होसे रामीरेस (तिसरा; १९२२–९५) याच्या कार्यशाळेतून ६६·४ सेंमी. लांबीची वाद्ये मोठ्या संख्येने बाहेर पडली. ६५ सेंमी.च्या तुलनेत त्यांवरील ताण सु. चार टक्क्यांनी अधिक आणि चौथ्या पडद्यापर्यंतचा पल्ला सु. तीन मिमी.ने अधिक होता. आवाज भरदार झाला. परंतु त्याची किंमत डाव्या हाताने मोजली. सेगोव्हियासारख्या मोठ्या पंजाच्या वादकाला जे सोसत होते, ते सर्वांनाच सोसणारे नव्हते. बोटे पुरत नसतील, तर विद्यार्थ्याने सराव वाढवावा, असे सांगितले जाई. हात व वाद्य यांचे माप जुळत नाही, ही शक्यता फारशी विचारात घेतली जात नसे. ताणलेल्या अवस्थेत दीर्घकाळ वाजविल्याने मनगट व बोटांचे स्नायुबंध दुखावतात, हे आता वाद्यवादकांच्या आरोग्याचा अभ्यास करणारे वैद्य मान्य करतात. पुढे रामीरेसच्या कार्यशाळेनेही ६५ सेंमी.ची वाद्ये दिली आणि अनेक कारागीर ६४ व ६३ सेंमी. लांबीची मैफलीची गिटार करू लागले. तबलीच्या रचनेतील सुधारणांमुळे आवाजासाठी केवळ लांबीवर विसंबण्याची गरजही कमी झाली.

अमेरिकेतील पोलादी तारा : श्टाउफरच्या कार्यशाळेत काम केलेला ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन (१७९६–१८७३) १८३३ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि नंतर पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ येथे स्थायिक झाला. १९२० नंतरच्या दशकात या कंपनीच्या वाद्यांवर तातीऐवजी पोलादी तारा रूढ झाल्या. पोलादाचा ताण तातीहून बराच अधिक असल्याने तारलांबीतील लहान फरकही ठळकपणे जाणवू लागला. मार्टिन कंपनी २४·९ इंच (६३·२ सेंमी.) व २५·४ इंच (६४·५ सेंमी.) अशी दोन मापे वापरत आली आहे. १९२९ मध्ये पेरी बेक्टेल या बँजोवादकाच्या मागणीवरून तिने ‘ओएम’ हा नमुना तयार केला. त्याची दांडी चौदाव्या पडद्यापर्यंत पेटीबाहेर मोकळी होती आणि तारलांबी मोठी होती. १९३४ च्या सुमारास जवळजवळ त्याच पेटीचा ‘ट्रिपल-ओ’ नमुना लहान तारलांबीसह निघाला. बाकी सर्व जवळपास समान असताना केवळ लांबीने काय घडते, ते या जोडीवरून पारखता येते : पहिल्याचा आवाज टणक व खणखणीत असतो, तर दुसऱ्याच्या तारा बोटांखाली मऊ लागतात आणि स्वर अधिक गोल वाटतो.

विद्युत् गिटार : ध्वनिवर्धक आल्यावर आवाजासाठी ताण वाढविण्याचे कारण उरले नाही. तरीही लांबीचा प्रश्न संपला नाही. त्याचा रोख आवाजाच्या मोठेपणाकडून हाताच्या अनुभवाकडे वळला. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर (१९०९–९१) याने १९५०–५१ मधील टेलिकास्टर आणि १९५४ मधील स्ट्रॅटोकास्टर या नमुन्यांसाठी २५·५ इंच (६४·८ सेंमी.) लांबी निवडली. गिब्सन कंपनीच्या १९५२ मधील ‘लेस पॉल’ या नमुन्याची नाममात्र लांबी २४·७५ इंच (६२·९ सेंमी.) होती, तर तिच्याच काही मोठ्या कमानदार वाद्यांत ती २५·५ इंच असे.

गिब्सनचा २४·७५ इंच हा आकडा प्रत्यक्षात नेहमी तसाच भरत नाही. वेगवेगळ्या काळांतील वाद्यांत तो २४·५६ ते २४·७५ इंचांच्या दरम्यान आढळतो. येथे अठराच्या नियमाची आठवण होते. २४·७५ इंच लांबी त्या नियमाने विभागली, तर मेरूपासून बाराव्या पडद्यापर्यंत १२·२८५ इंच अंतर येते आणि त्याची दुप्पट २४·५७ इंच होते. सोळाव्या शतकातील एक रीत विसाव्या शतकातील कारखान्याच्या मापांतही अशी डोकावते.

या दोन लांबींमधील फरक तार ओढताना सर्वांत अधिक जाणवतो. सतारीवर मींड घेताना जशी तार पडद्यावर आडवी ओढतात, तशीच ब्लूज व रॉक या शैलींत गिटारची तार बाजूस ढकलून स्वर चढवितात. आखूड लांबीवर मूळ ताण कमी असल्याने तोच स्वर गाठण्यास कमी जोर व कमी सरकाव पुरतो. मात्र सैल तार अधिक रुंद हेलकावते. ती पडद्यांवर घासू नये म्हणून तारांची उंची थोडी वाढवावी लागते आणि त्यामुळे मऊपणाचा काही फायदा गमवावा लागतो. जाड तारा लावूनही ताण पूर्ववत करता येतो. म्हणूनच वाद्याचा कडकपणा एकट्या लांबीवर अवलंबून नसून लांबी, तारेची जाडी, लावलेली पट्टी व तारांची उंची या चौघांचा तो एकत्रित परिणाम असतो. जिमी हेंड्रिक्स व स्टीव्ही रे व्हॉन हे स्ट्रॅटोकास्टर वाजवीत. परंतु अनेकदा अर्धस्वर खाली लावून. त्यामुळे त्याच तारांवरील ताण सु. ११ टक्क्यांनी घटतो. गिब्सनच्या आखूड लांबीने होणारी घट सु. सहा टक्केच असते. व्हॉन मात्र विशेष जाड तारा वापरून हा ताण पुन्हा वाढवी.

लांबीचा परिणाम अनुभवण्यासाठी दुसरे वाद्य असलेच पाहिजे असे नाही. स्ट्रॅटोकास्टर अर्धस्वर खाली लावून पहिल्या पडद्यावर कॅपो (दांडीवर आवळावयाचा चिमटा) बसविला की, पट्टी पूर्ववत होते आणि तारलांबी २४·०७ इंच उरते. फेंडरच्याच १९६२ मधील ‘जॅग्वार’ या नमुन्याची लांबी २४ इंच (६१ सेंमी.) आहे. अशा रीतीने केवळ एका चिमट्याने एका वाद्यावर दुसऱ्याचा स्पर्श जवळजवळ तसाच अनुभवता येतो.

याहूनही आखूड मापे प्रचारात आली. फेंडरने १९५६ मध्ये विद्यार्थ्यांसाठी २२·५ इंच (५७·२ सेंमी.) लांबीचे नमुने काढले. त्याच्या आदल्या वर्षी गिब्सनने बिली बर्ड व हँक गारलंड या व्यावसायिक वादकांसाठी ‘बर्डलँड’ हा २३·५ इंच (५९·७ सेंमी.) लांबीचा नमुना काढला होता, दूरदूरच्या पडद्यांवरील स्वरसमूह त्यावर सहज पकडता येत. बीटल्स या वाद्यवृंदातील जॉन लेनन याने १९६० मध्ये हँबर्ग येथे घेतलेल्या रिकनबॅकर गिटारची लांबी तर अवघी २०·७५ इंच (५२·७ सेंमी.) होती. आखूड वाद्य केवळ शिकाऊ वादकांसाठी असते, हा समज या उदाहरणांनी खोटा ठरविला.

बास गिटार : लांबीच्या किमान मर्यादेची कसोटी बास गिटारमध्ये लागते. उभ्या डबल बासची तारलांबी सु. १०५ सेंमी. असते. १९५१ च्या ‘प्रिसिजन बास’ या वाद्यासाठी लिओ फेंडरने ३४ इंच (८६·४ सेंमी.) ही लांबी घेतली; गिटारवादकाच्या हाताला पेलेल इतकी ती आखूड होती आणि ४१ कंप्रतेचा सर्वांत खालचा स्वर स्वच्छ उमटेल इतकी लांब होती. जर्मनीतील हॉफ्नर कंपनीच्या व्हायोलिनच्या आकाराच्या बासची लांबी सु. ३० इंच (७६ सेंमी.) असून पॉल मॅकार्टनी याच्यामुळे तो प्रसिद्धी पावला. आखूड बासचा स्वर जाड व उबदार असतो. उपस्वरांची धार मात्र कमी असते. पुढे पाचवी, आणखी खालची तार आली, तेव्हा ती सैल पडू नये म्हणून काही कारागिरांनी ३५ इंच (८८·९ सेंमी.) लांबी स्वीकारली. सहा तारांची गिटार नेहमीपेक्षा बरीच खाली लावण्याची प्रथा हेवी मेटल संगीतात वाढली, तेथेही याच कारणाने २७ इंच (६८·६ सेंमी.) व त्याहून लांब ‘बॅरिटोन’ वाद्ये वापरात आली.

एका वाद्यावर अनेक लांबी : उंच तारांना आखूड व खालच्या तारांना लांब माप सोयीचे असेल, तर सर्व तारांची लांबी समान का असावी, हा प्रश्न जुनाच आहे. इंग्लंडमधील फ्रान्सिस पामर याने १६१७ मध्ये केलेल्या ऑर्फेरियन या धातूच्या तारांच्या वाद्यावर पडदे व घोडी तिरपी असून खालच्या तारा अधिक लांब आहेत. हीच कल्पना अमेरिकेतील राल्फ नोव्हाक याने गिटारसाठी नव्याने विकसित केली आणि १९८९ मध्ये तिचे एकस्व मिळविले. पंख्याच्या काड्यांसारखे पसरलेले हे पडदे प्रथमदर्शनी विचित्र वाटतात. परंतु मनगट नैसर्गिक रीतीने वळते त्याच दिशेने ते कललेले असल्याने सराव लवकर होतो. सात-आठ तारांच्या वाद्यांवर ही रचना आता बऱ्याच प्रमाणात आढळते.

भारतातील संदर्भ : तारेच्या लांबीवरून स्वरस्थाने सांगण्याची परंपरा भारतीय संगीतशास्त्रातही आहे. अहोबलाने सतराव्या शतकातील संगीत पारिजात या ग्रंथात वीणेच्या तारेचे भाग पाडून स्वरांच्या जागा दिल्या आहेत. हिंदुस्थानी संगीतात गिटार रुजली ती मुख्यतः हवाईयन पद्धतीने. त्या पद्धतीत वाद्य आडवे ठेवून पडद्यावर बोट दाबण्याऐवजी तारेवरून धातूची कांब सरकवितात. ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांनी या पद्धतीला रागसंगीतात मान्यता मिळवून दिली. येथे बोटे पसरण्याचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु तारलांबीचे महत्त्व दुसऱ्या अर्थाने टिकून राहते. आखूड तारेवर स्वरस्थाने जवळजवळ येतात आणि कांब एखादा मिमी. जरी चुकली, तरी बेसूर अधिक प्रमाणात होतो.

निवडीचे निकष : वरील इतिहासावरून असे दिसते की, तारलांबीच्या कमाल व किमान मर्यादा पदार्थविज्ञान ठरविते, त्यांच्या दरम्यानची जागा मात्र मानवी निवडीची आहे. तात, गुंडाळलेली तार, नायलॉन, पोलाद व ध्वनिवर्धक यांपैकी प्रत्येक शोधाने ती जागा रुंदावली किंवा सरकविली. ६५ सेंमी. हे माप तोर्रेसच्या पेटीशी, तातीच्या बळाशी व तत्कालीन पट्टीशी सुसंगत होते, म्हणून ते रुजले. लहान पंजाच्या प्रौढ वादकाने ६३ किंवा ६४ सेंमी.चे वाद्य निवडणे ही कमीपणाची बाब नाही. सोर व जूल्यानी यांच्या काळी तेच प्रचलित माप होते. मुलांसाठी ५८ सेंमी. व त्याहून लहान मापे उपलब्ध असतात. मात्र अशा वाद्यावर मोठ्या वाद्याच्या तारा लावून तीच पट्टी ठेवल्यास तारा सैल पडतात व स्वर पोकळ येतो. म्हणून त्यांवर थोड्या जाड तारा लावाव्या लागतात किंवा जूल्यानीच्या टेर्त्स गिटारप्रमाणे पट्टी वर घ्यावी लागते. वाद्य घेताना चौथ्या पडद्यापर्यंत चारही बोटे मनगट न वाकवता पोचतात किंवा नाही, हे पाहणे ही सर्वांत सोपी व विश्वसनीय कसोटी होय.